चावलेल्या पाइपांची खोली

जुन्या वस्तूंचा पारखी अकराला येणार होता आणि अप्पा-माईंची बस साडेदहाला. दोघं चार दिवस माईच्या बहिणीकडे होते. म्हणजे बस येईपर्यंतचा वेळ कुटुंबातल्या उरलेल्या तिघांना एकमेकांविरुद्ध कट करायला मोकळा होता. या घराण्याला त्याहून कमी वेळात कट जमलेले आहेत. जिन्याच्या भिंतीवरून काकांशी जो आठ वर्षांचा अबोला झाला, तो तर चहा गाळेपर्यंत ठरला होता.

या वेळी भांडण होतं मागच्या खोलीवरून. खोली लॅबला लागून, लॅब कवळ्यांची, आणि खोलीत अप्पांचे त्र्याऐंशी तंबाखूचे पाइप. दादाला तिथे दात कोरणारं नवं मशीन बसवायचं होतं. अप्पा नाही म्हणाले. दादा म्हणाला, त्या लाकडांना कुत्रंसुद्धा विचारणार नाही. अप्पा म्हणाले, विचारेल. असं तीन महिने चाललं. शेवटी ताईने, म्हणजे दादाच्या धाकट्या बहिणीने, आपल्या गावाहून फोनवर तोडगा काढला. बाहेरचा पारखी आणू. त्याने पाइपांना किंमत आहे म्हटलं, तर अप्पा आहेत तोवर खोलीचं कुणी नाव काढायचं नाही. नाही म्हटलं, तर बुधवारी मशीन आत आणि पाइप बाहेर. बापलेकांनी एकमेकांकडे न बघता हो म्हटलं.

अप्पांनी जन्मात एकदाही तंबाखू ओढली नव्हती, हे आधी सांगायला हवं. धुराने त्यांना ठसका लागतो. तरीही वीस वर्षांत त्यांनी त्र्याऐंशी पाइप जमवले, आणि तेही माई त्यांना चहा-पेपरला म्हणून आठवड्याला जे काय हातावर टेकवायची तेवढ्यात. पेपर ते न्हाव्याच्या दुकानात वाचत. चहाच्या वेळेला कुणाच्या तरी दारात हजर होत. रविवारच्या जुन्या बाजाराला जाताना बसने जात आणि येताना पायी येत, कारण येतानाचं तिकीट पाइपात गेलेलं असे. धड पाइप त्यांनी कधी घेतलाच नाही. वाटी तडकलेली, दांडी मोडलेली, तोंडात धरायचं टोक चावून चावून चपटं केलेलं, असला माल ते शोधत. खरे शौकीन तो हातात धरत नाहीत, म्हणून बाजारवाले अप्पांना लांबून पाहिलं की पोत्याचा तळ उपसायला घेत.

पैसे कमी पडले की अदलाबदल. एका भंगारवाल्याची कवळी अप्पांनी तीनदा फुकट जोडून दिली. एका विधवा बाईंच्या कवळीला पुढचे चार दात नवे बसवले आणि बदल्यात त्यांच्या नवऱ्याचा पाइप घेऊन आले. बाई म्हणाल्या, त्याच्यापेक्षा दात बरे. मोडक्या दांड्यांना लागणारं काळं कडक रबर घरातच पडून होतं. पूर्वी कवळ्या त्याच रबरावर बसवत, पाइपांच्या दांड्याही त्याच रबराच्या. अप्पांच्या वडिलांनी त्या पट्ट्या पेटीभर घेऊन ठेवल्या आणि वर्षभरात रबराच्या कवळ्या बंद झाल्या. घराण्याचा व्यवहार पहिल्यापासून असाच.

ताई दहा वाजता आली. वहिनीने दार उघडलं आणि आधी तिचे दात पाहिले. या घरात तशी पद्धतच आहे, माणूस आला की आधी तोंडात बघतात आणि मग आत घेतात.

"खालच्या दाढेचं सिमेंट निघालंय तुमच्या," वहिनी म्हणाली.

"माहितेय. अप्पा आले का?"

"अजून नाही. तुम्ही आत या. तुमच्याशी बोलायचंय."

स्वयंपाकघरात वहिनीने दार लोटलं, आणि ताईला कळलं की आपल्याला आता गुंडाळणार. ती अप्पांच्या बाजूने यायचं पक्कं करून आली होती. लहानपणी दादाला सगळं मिळालं, लॅब त्याला, वरचा मजला त्याला, आणि तिला मिळालं 'आमची हुशार मुलगी' एवढं प्रमाणपत्र. अप्पांची खोली वाचली तर दादाला एकदा तरी नाही ऐकावं लागेल. तेवढ्यासाठी तिने सकाळी सहाची गाडी पकडली होती.

"तुमचा पारखी माणूस कसा आहे?" वहिनीने विचारलं.

"सरळ आहे. जुन्या वस्तूंचं दुकान आहे. उगाच भाव चढवणार नाही."

"चढवू दे की. चढवला तर बिघडलं काय?"

ताई बघतच राहिली. "वहिनी, भाव आला तर खोली अप्पांना. तुमचं मशीन कुठे ठेवणार, डोक्यावर?"

"असं बघा ताई," वहिनीने बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "किंमत नाही आली तर खोली आमची. आणि आलीच, घसघशीत आली, तर अप्पा काय लाकडं उराशी धरून बसणारेत? जन्मभर बसचं तिकीट वाचवलेला माणूस आहे. आकडा ऐकला की विरघळतील. मग विकायचं. अर्धे तुमचे."

ताईने बिस्कीट चहात बुडवलं. ते मऊ व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिने अप्पांचा विचार केला.

"अर्धे म्हणजे खर्च वजा जाऊन की आधी?" तिने विचारलं.

वहिनीच्या जिवात जीव आला. नणंद आपल्याच मापाची निघाली, हे तिला अठरा वर्षांत पहिल्यांदा समजत होतं, आणि एवढी वर्षं फुकट गेल्याचं वाईटही वाटलं.

"आणि चांगली किंमत यावी म्हणून," ती आवाज उतरवून म्हणाली, "ह्यांनी दोन दिवस खपून सगळं लखलखीत करून ठेवलंय. मीच म्हटलं, माल दाखवायचा तर तोंड धुऊन दाखवा."

दादा तेव्हा मागच्या खोलीत एकटा उभा होता. लांब टेबलावर पाइपांचे सहा ट्रे मांडून त्यांवर त्याने पांढरं कापड घातलं होतं. गुरुवारी आणि शुक्रवारी लॅब बंद झाल्यावर त्याने एकेक पाइप लेथवर धरला होता. आधी खरखरीत पट्टा, मग पॉलिशची ओली पूड, मग चकाकी आणणारा कापडी बफ. वाट्यांच्या आतली काळी खपली खरवडून काढली. दांड्यांची टोकं तर किळस यावी अशी, कुणाकुणाच्या दातांनी खड्डे पडलेले. ते त्याने काळं मिश्रण भरून बुजवले आणि वरून घासून आरशासारखे केले. तीस वर्षं तो हेच करत आला होता. हातात येईल ते गुळगुळीत करायचं, म्हणजे हिरडीला टोचत नाही.

खरं तर हे काम करताना त्याला बरं वाटलं होतं. लॅबमध्ये हल्ली एवढं काम हातात नसे. दातांच्या चार डॉक्टरांनी दोन वर्षांत एकामागून एक काम पाठवणं बंद केलं होतं. त्यांना आता मशीनवर कोरलेले दात दुसऱ्या दिवशी हवे असत, आणि ते देणारी लॅब दोन चौक पलीकडेच होती. घरात त्याने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. घरात तो म्हणायचा, काळाबरोबर चालायला हवं. मशीन त्याने दीड महिन्यापूर्वीच मागवलं होतं. बुधवारी ते आलं नाही तर वर्षअखेरीला लॅबच्या दाराला कुलूप लागणार होतं. अप्पांच्या वडिलांनी उघडलेलं ते दार होतं.

बाहेर रिक्षा थांबली. अप्पा-माई आले, आणि त्यांच्या मागोमाग, पायरीवरच गाठ पडून, पारखीही आला. त्यामुळे अप्पांना आधी खोलीत डोकावायला मिळालं नाही. पारखी बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस होता. अप्पांनी हात जोडता जोडता त्याच्या तोंडात पाहून घेतलं.

"वरचे दोन खोटे आहेत तुमचे. काम चांगलंय. कुणी केलं?"

"आमच्याकडचेच एक," पारखी म्हणाला. "माल कुठेय?"

"चला, चला. दाखवतो ना." अप्पा शहात्तर वर्षांचे होते, पण त्या क्षणी मुलीच्या लग्नात घाई करणाऱ्या बापासारखे पुढे पुढे पळत होते. "त्र्याऐंशी आहेत. एकही विकत घेण्यालायक नव्हता, म्हणून तर मला परवडले."

सगळे खोलीत जमले. वहिनी दारात, ताई खिडकीशी, माई स्टुलावर गुडघे चोळत. दादाने कापड ओढलं.

खोली चमकली. त्र्याऐंशी पाइप एकसारखे, एका कारखान्यातून आज सकाळी निघाल्यासारखे. वहिनीच्या तोंडून नकळत "बघा" निघालं. ताईने मनातल्या मनात अर्धे केले.

अप्पांनी पहिल्या ट्रेमधला एक पाइप उचलला, दांडीच्या टोकावरून अंगठा फिरवला. खाली ठेवला. दुसरा उचलला, अंगठा फिरवला. असे सात-आठ झाले.

पारखीनेही एक उचलला होता. त्याने तो उलटा केला, खिशातून भिंग काढलं, परत ठेवलं. "ह्याच्यावर बनवणाऱ्याचा ठसा असतो. लाकडावर, इथे, दांडी शिरते त्याच्या अलीकडे."

"होतं काहीतरी खरवडल्यासारखं," दादा म्हणाला. "अर्धवट अक्षरं होती. घासून काढली. आता बघा, एक ओरखडा सापडणार नाही."

"सगळ्यांची काढलीत?"

"सगळ्यांची. वेळ लागला, पण सोडला नाही एकही."

पारखीने भिंग खिशात टाकलं. "साफ करायला हरकत नसते हो. पण हे साफ केलेलं नाही, हे सोललंय. कुणी बनवला, कधीचा, काही म्हणता काही कळत नाही आता. शोभेच्या वस्तूंच्या दुकानात टोपलीत ठेवतात असले, मूठभर घेतले तर एक वर." तो अप्पांकडे वळला. "राग मानू नका. ह्यांना किंमत नाही."

खोलीतल्या बाजू किती भराभर बदलल्या ते लिहून ठेवण्यासारखं आहे. ताई म्हणाली, "मी फक्त पारखी आणला, बाकी मला काहीच माहीत नव्हतं." वहिनी म्हणाली, "मी फडकं मारा म्हटलं होतं, लेथवर धरा म्हटलं नव्हतं." आणि दादा, ज्याला तीन महिने हेच वाक्य ऐकायचं होतं, तो खोली जिंकून गुन्हेगारासारखा उभा राहिला.

"ठरल्याप्रमाणे..." त्याने सुरुवात केली, आणि पुढचं वाक्य काही जमेना.

"चौदा नंबरच्या पाइपावर दोन खड्डे होते," अप्पा म्हणाले.

"अप्पा, ते सगळे मी भरले. घाण दिसत होतं."

"सुळा आणि त्याच्या शेजारचा. खोल. म्हणजे माणसाचे दोन्ही हात कामात असायचे, पाइप नुसता दातांत. सुतार असेल. नाही तर बोटीवरचा." अप्पांनी दुसरा घेतला. "हा एकवीस. ह्याच्यावर दोन जबडे होते. एक रुंद, एक अरुंद. नवरा-बायको एकच पाइप ओढायचे. आणि हा. ह्याचा मालक आधी डावीकडे चावायचा, मग उजवीकडे, मग खुणा उथळ होत गेल्या. शेवटी कवळीवर आला बिचारा, तरी सोडवेना." त्यांनी पाइप ट्रेमध्ये ठेवला. "लाकूड कोण जमवतं रे? मी तोंडं जमवली होती."

पारखीने निघावं की थांबावं हे न कळून टोपी हातात घेतली.

माई वीस वर्षं या पाइपांच्या नावाने बोटं मोडत आली होती. बहिणीकडचे चार दिवसही अप्पांनी त्याच गोष्टी सांगून तिथल्या लोकांना हैराण केलं होतं, आणि ती लाजेने अर्धी झाली होती. आज रिक्षातून उतरताना ती देवाला म्हणाली होती की जाऊ दे एकदाची ती कचरापेटी. पण आता नवऱ्याचा अंगठा त्या गुळगुळीत दांड्यांवरून फिरताना पाहून मुलाचा तिला सणसणीत राग आला.

"विचारायचं होतंस एकदा," ती म्हणाली. "फोन होता ना तिकडे."

"आई, मी त्यांच्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठी नाही. विकायला." माईने सुनेकडे आणि लेकीकडे एकेकदा पाहिलं. दोघींना अचानक ट्रेमधले पाइप फार आवडू लागले. "मी काय आज ओळखते तुम्हाला?"

"पाणी उकळून आणा कुणीतरी," अप्पा म्हणाले.

वहिनीला वाटलं, त्यांना चक्कर येतेय. ती धावत जाऊन चहाच्या पातेल्यात पाणी उकळून घेऊन आली. अप्पांनी एका पाइपाची दांडी पिळून काढली आणि तिचं टोक उकळत्या पाण्यात धरलं. जुनं रबर उष्णतेने मऊ पडतं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी टोक रुमालाने पुसलं आणि दादासमोर धरलं.

"चाव."

"काय?"

"माझ्या त्र्याऐंशी माणसांना पुसलंस ना. आता नव्याने सुरुवात करायची. पहिला तू. चाव."

अठ्ठेचाळीस वर्षांच्या दादाने बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहिलं. मग त्याने मुकाट्याने दांडी तोंडात घेतली आणि चावली. ताईला हसू आवरेना, म्हणून ती खिडकीबाहेर बघू लागली. तिला लहानपणीचं सगळं वसूल झाल्यासारखं वाटत होतं.

अप्पांनी दांडी घेतली, उजेडाकडे गेले, टोक उलटसुलट फिरवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. परत आले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"सुळ्याची खूण टोकदार यायला हवी. ही सपाट आली. दोन्हीकडची." ते दादाच्या अगदी जवळ उभे राहिले. "तुझ्या वयाला सुळे असे होत नाहीत. झोपेत दात खातोस तू. कधीपासून?"

"काहीतरीच काय अप्पा."

"खातात," वहिनी दारातून म्हणाली. "रात्रभर. मला वाटायचं माझ्यावर खातात."

"कधीपासून, विचारतोय मी."

दादा खाली बघत राहिला. त्याला अजूनही मशीनचं, काळाचं, प्रगतीचं ते पाठ झालेलं भाषण करता आलं असतं. पण तोंडात रबराची चव होती आणि सगळे त्याच्या दातांकडे बघत होते.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "चारही डॉक्टरांनी काम बंद केलंय. मोठे चारही. मशीन नाही आलं तर लॅब जाईल. आलं तरी राहील की नाही, माहीत नाही."

माईचे हात गुडघ्यावर थांबले. वहिनी दाराच्या चौकटीला टेकली. अठरा वर्षं ज्याचा प्रत्येक रुमाल तिने मोजला होता, त्याने हे तिला सांगितलं नव्हतं. ताईचं हसू गेलं. सकाळपासून हिशोबात धरलेले ते अर्धे तिला आता तोंडात आलेल्या खड्यासारखे वाटले.

"मला का नाही सांगितलंस?" अप्पांनी विचारलं. "दोन वर्षं माझ्या समोर बसतोस जेवायला."

"हो ना." दादाने मान वर केली. "समोरच बसतो. बाजारातून आणलेल्या एकेका मेलेल्या माणसाचं तोंड बघितलंत तुम्ही, भिंग लावून. कधी माझ्याकडे बघितलंत?"

असं या घरात कुणी अप्पांशी बोललं नव्हतं. पारखी हळूच म्हणाला, "येतो मी," आणि कुणाच्याही उत्तराची वाट न बघता निघून गेला. त्याला कुणी दारापर्यंत सोडायला गेलं नाही.

अप्पांना लाज वाटली. साधी, सरळ, म्हातारपणी वाटू नये अशी लाज. वीस वर्षं ते न पाहिलेल्या सुतारांची दुखणी ओळखत आले होते आणि त्यावर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत आले होते. त्यांनी चावलेली दांडी टेबलावर ठेवली. मग पांढरं कापड उचललं, पहिल्या ट्रेवर घातलं आणि कडा नीट आत खोचल्या.

"केवढं आहे ते मशीन?" त्यांनी विचारलं.

"कपाटाएवढं."

"या दारातून जायचं नाही. चौकट काढावी लागेल. उद्या सुताराला बोलव."

"अप्पा, राहू दे, आपण दुसरीकडे कुठेतरी..."

"दुसरीकडे कुठे? तुझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात?" अप्पांनी बाह्या वर केल्या आणि लॅबचं मधलं दार उघडलं. दिवा लावला. फळीवरून त्यांनी दातांचं माप घ्यायचा पत्र्याचा साचा काढला, वाटीत भुकटी ओतली, पाणी घातलं आणि घोटायला लागले. गाठ एकही पडली नाही. "ह्या बाकावर बस. झोपताना दातांवर घालायची पट्टी करून देतो. नाही तर पन्नाशीला कवळी लागेल, आणि ती तुला मीच करून द्यायची म्हणजे जगावं लागेल मला."

दादा हलला नाही. माई उठली, त्याच्या दंडाला धरून तिने त्याला आत नेलं आणि बाकावर बसवलं. वहिनी मागून आली आणि त्याच्या गळ्याशी टॉवेल खोचला. ताईने दिवा खाली ओढून धरला.

"घट्ट होईल हे, पटकन," अप्पा म्हणाले. "तोंड उघड."